हुंकार आणि समीक्षा : आंतरजालावरील अनुकथेतील लेखक-वाचक व्यवहार

मराठी समीक्षेने वाचकाविषयी पुष्कळ लिहिले आहे. वाचकाने स्वतः काय लिहिले याकडे मात्र तिने क्वचितच पाहिले. रसचर्चेतील ‘सहृदय’ असो, आस्वादक समीक्षेतील ‘रसिक’ असो किंवा १९७० नंतर युरोपातील वाचककेंद्री विचारातून आलेला ‘गृहीत वाचक’ असो, हे सारे वाचक समीक्षकांनी आपापल्या सिद्धान्ताच्या सोयीने कल्पिलेले आहेत. त्यांना वाचा नाही. आंतरजालावर कथा प्रसिद्ध होऊ लागल्यापासून मात्र कथेच्या खाली प्रत्यक्षातला वाचक बोलू लागला, आणि त्याचे बोलणे ऐकून अभ्यासकांची निराशा झाली. ‘छान’, ‘मस्त जमलंय’, ‘पुढचा भाग लवकर टाका’ याहून अधिक त्यात बहुधा काही नसते. या शेऱ्यांवरून तेथील सगळा कथाव्यवहारच उथळ असल्याचा निर्वाळा विभागीय चर्चासत्रांतून अधूनमधून दिला जातो. हा निर्वाळा घाईचा आहे. या शेऱ्यांना समीक्षेची मोजपट्टी लावली जाते आणि त्यात ती तोकडी पडतात. ती समीक्षा आहे असे कोणी ठरवले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुसऱ्याने निर्माण केलेल्या पात्रांवर, दुसऱ्याने उभ्या केलेल्या जगात चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथेला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. मराठीत तिला रूढ प्रतिशब्द नाही. येथे ‘अनुकथा’ हा शब्द वापरला आहे. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्ये ‘स्पॉकनेलिया’ हे हौशी नियतकालिक काढले, तेव्हापासून या लेखनाचा अर्वाचीन इतिहास सांगण्याची प्रथा आहे. पुढे १९९८ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हे संकेतस्थळ निघाले, आणि २००९ मध्ये वाचक-लेखकांच्याच ना-नफा संस्थेने चालविलेला ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा संग्रह खुला झाला. त्याला २०१९ मध्ये विज्ञानकथाक्षेत्रातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तेथील भाषांच्या यादीत मराठी आहे, पण मराठी लेखन अगदीच थोडे. भारतात २००३ पासून चालू असलेल्या ‘इंडिया फोरम्स’वर हिंदी मालिकांच्या नायक-नायिकांवर इंग्रजीत आणि रोमन लिपीतील हिंदीत अशा कथांचे अमाप पीक आले. ‘इस प्यार को क्या नाम दूँ’ ही मालिका २०१२ मध्ये संपली; तिच्या नायक-नायिकेचा संसार चाहत्यांनी पुढे कित्येक वर्षे लिहून चालवला. मराठीपुरते पाहायचे तर १९९६ मध्ये सुरू झालेली ‘मायबोली’, नंतरची ‘मनोगत’ आणि ‘मिसळपाव’ ही स्थळे, आणि २०१४ मध्ये बंगळुरूत स्थापन झालेले, मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘प्रतिलिपी’, यांचा विचार करावा लागतो. यांवरील सर्वच लेखन अनुकथा नव्हे. परंतु भागाभागाने लिहिणे आणि वाचकाच्या बोलण्याने पुढचा भाग ठरणे ही रीत स्वतंत्र कथेत व अनुकथेत सारखीच आहे, आणि ती अनुकथेत अधिक ठसठशीत दिसते. अनुकथेत पात्रे वाचकालाही आधीपासून ठाऊक असतात, आणि आपण लेखकाइतकेच त्यांचे मालक आहोत असे त्याला वाटते.

दुसऱ्याच्या पात्रावर लिहिणे हे हलके काम आहे ही समजूत मराठी अभ्यासकाला तरी शोभत नाही. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या तिन्ही कादंबऱ्यांचे नायक महाभारतातून उचललेले आहेत. मूळ कृती व्यासांची असली की अनुकथेच्या लेखकाला ज्ञानपीठ मिळते आणि मूळ कृती रात्री आठच्या मालिकेची असली की त्याला टोपणनाव घ्यावे लागते, एवढाच फरक दिसतो. पण तो प्रस्तुत विषय नव्हे.

या व्यवहाराची नावे आधी पाहावीत, कारण नावात अपेक्षा दडलेली असते. ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ने वाचकाच्या शेऱ्याला ‘रिव्ह्यू’ म्हटले. ‘आर्काइव्ह’ने ‘कॉमेंट’ म्हटले, आणि ज्याला शब्द सुचत नाहीत त्याच्यासाठी ‘कुडोज’ नावाची शाबासकीची खूण ठेवली. ती एका कथेला एका वाचकाकडून एकदाच देता येते. त्यामुळे वीस भागांच्या कथेत पहिल्या भागावर शाबासकी देऊन झालेल्या वाचकाला एकोणिसाव्या भागावर आपण अजून येथे आहोत हे कळवायचे, तर शब्दच लिहावे लागतात. ‘वॉटपॅड’ने शेरा थेट परिच्छेदाला जोडण्याची सोय केली. ‘मायबोली’, ‘मिसळपाव’ या मराठी स्थळांनी मात्र ‘प्रतिसाद’ हा शब्द निवडला. साद घालणारा कोणी असेल तरच प्रतिसाद संभवतो. समीक्षेला सादेची गरज नसते. लेखक मरून शंभर वर्षे झाली तरी ती होते. प्रतिसाद लेखक जागा असतानाच द्यावा लागतो. ज्या कोणी हा शब्द रूढ केला त्याने या व्यवहाराचे स्वरूप अभ्यासकांच्या आधी ओळखले होते.

या प्रतिसादांची स्वतःची अशी एक परिभाषा मराठी स्थळांवर तयार झाली. ‘पुभाप्र’ म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. ‘वाखुसा’ म्हणजे वाचनखूण साठवली आहे. ‘वाचतेय’, ‘वाचतोय’ हे एकशब्दी प्रतिसाद तर असंख्य. भागाच्या तळाशी लेखकाने ‘क्रमशः’ लिहिले की लटक्या रागाचे उद्गार उमटत, आणि भाग आखूड झाला की ‘जरा मोठे भाग टाका’ अशी तक्रार ठरलेली. या संक्षेपांची थट्टा त्या स्थळांवरही होत असे. पण त्यांचा अर्थ पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. यातला एकही शब्द कथेच्या गुणाविषयी काही सांगत नाही. ‘पुभाप्र’ लिहिणारा वाचक, कथा चांगली आहे असे म्हणत नसून आपण जागेवरून उठलेलो नाही एवढेच कळवतो.

मराठी लोकव्यवहारात या कृतीला फार जुने नाव आहे: हुंकार. आजी गोष्ट सांगते आणि नातवंड ‘हं’ म्हणते. हुंकार आला की गोष्ट पुढे सरकते. थांबला की पोर झोपले असे समजून आजीही थांबते. हुंकारात गोष्टीचे मूल्यमापन नसते, पण त्याच्याविना गोष्ट चालत नाही. गोंधळात मुख्य गोंधळ्याचा साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि आख्यानाला वळण मिळते. पोवाड्यात शाहिराला झीलकरी लागतात. भाषाविज्ञानात रोमान याकबसनने भाषेच्या ज्या कार्यांचा निर्देश केला, त्यांतले एक केवळ संपर्क टिकवून धरण्याचे आहे. दूरध्वनीवर ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ म्हणतो ते. ‘पुभाप्र’ त्याच वर्गातला आहे. त्यात समीक्षा शोधणे म्हणजे झीलकऱ्याच्या ‘जी जी जी’त छंदःशास्त्र शोधण्यासारखे आहे.

मराठी वाङ्मयाच्या आरंभीच्या ग्रंथांत हा हुंकार संहितेच्या आतच आहे. ‘ज्ञानेश्वरी’ ही श्रोत्यांपुढे सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी ग्रंथाची स्वतःचीच साक्ष आहे. ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात, लांबण लागली म्हणून त्यांची क्षमा मागतात. श्रोते आणि निवृत्तिनाथ मध्येच बोलतात, विषयाकडे परत यायला सांगतात, आणि हे सगळे ओवीत नोंदले जाते. आजच्या अनुकथेच्या आरंभी लेखिका जी टीप लिहिते (गेल्या आठवड्यात भाग टाकता आला नाही, मुलांची परीक्षा होती, सांभाळून घ्या) तिचा आणि या आर्जवाचा दर्जा अर्थातच वेगळा, पण जागा तीच आहे.

या संदर्भात एकनाथांची दोन कामे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या हातलेखनात, पाठांतरात आणि भक्तांच्या उत्साहात मूळ संहितेत बरेच काही मिसळले होते. ते काढून टाकून, यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे त्यांनी बजावले. मराठीत संहितेभोवती घातलेले हे पहिले ठळक कुंपण होय. ज्यांनी ओव्या घातल्या ते आपल्या परिभाषेत चाहतेच होते, आणि कुंपण घालणाराही चाहताच होता. याच एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडातच राहिले आणि त्यांच्या शिष्याने, गावबाने, ते पूर्ण केले असे परंपरा सांगते. एका ग्रंथातून परक्या ओव्या काढणाऱ्याचा दुसरा ग्रंथ परक्या ओव्यांनी पुरा झाला, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. संहिता पूर्ण झाली असेल तर तिच्यात हात घालायचा नाही. अपुरी असेल तर श्रोत्यांपैकी जो जाणता असेल त्याने ती पुढे न्यायची, असा काहीसा विवेक त्यामागे दिसतो. नामदेवांच्या नावावरील अभंगांत एकाहून अधिक ‘नामा’ मिसळले आहेत हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. तेथे तर श्रोता आणि कवी यांतली सीमारेषाच पुसली गेलेली आहे.

मुद्रणाने हा व्यवहार बंद केला असे सहसा म्हटले जाते. ते पूर्णतः खरे नाही. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये अंकाअंकाने येत होती, वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत होता आणि लेखक पुढचे प्रकरण लिहीत होता. आपट्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या ही गोष्टही, ‘क्रमशः’ लिहून अदृश्य होणाऱ्या आजच्या लेखकांवर रागावण्यापूर्वी आठवावी. मुद्रणाने एवढे केले की हुंकार छापील पानाच्या बाहेर गेला. तो संपादकाला लिहिलेल्या पत्रात गेला, आणि तेथून मुंबईच्या वस्त्यावस्त्यांतल्या भाडेवाचनालयांच्या पुस्तकांच्या समासात. ज्यांनी अशा वाचनालयांतून रहस्यकथा आणि सामाजिक कादंबऱ्या वाचल्या, त्यांना पेन्सिलीचे ते शेरे आठवत असतील: ‘अगदी खरे’, ‘हा नायक मूर्ख आहे’, आणि एखाद्या दुष्टाने पहिल्याच पानावर लिहून ठेवलेले खुन्याचे नाव. हे शेरे लेखकापर्यंत कधी पोचले नाहीत. ते पुढच्या वाचकासाठी होते, आणि पुढचा वाचक त्यांखाली आपला शेरा लिहीत असे. परिच्छेदाला जोडलेली आजची टिप्पणी ही त्या समासाचीच पुढची अवस्था आहे; फरक इतकाच की आता समासात लेखकही डोकावतो.

या व्यवहाराचा आजचा पत्ता कोणता, असे विचारले तर मीरा रोड हे उत्तर गैर ठरणार नाही. दहिसर ओलांडले की मुंबईची हद्द संपते आणि ठाणे जिल्ह्यातले मीरा रोड लागते. जुनी गावे आणि मिठागरे यांच्या आधाराने १९८० नंतर इमारती उभ्या राहिल्या. २००२ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांवर होती. मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू अशा भाषा येथे एकाच जिन्यावर नांदतात. गिरगाव-दादरच्या पुस्तकांच्या दुकानांपासून, व्याख्यानमालांपासून आणि नाट्यगृहांपासून हे गाव तासाभराच्या अंतरावर आहे, आणि नेमक्या त्या तासात, चर्चगेटच्या गाडीत, येथील मराठी वाचकाचे वाचन होते. एका हाताने वरची कडी धरलेली आणि दुसऱ्या हातात भ्रमणध्वनी, अशा स्थितीत जेवढे वाचता येईल तेवढ्या लांबीचा भाग या वाचकाला हवा असतो. मीरा रोड ते अंधेरी, फार तर वांद्रे. मासिकाच्या रकान्याने जशी एके काळी लघुकथेची लांबी ठरवली, तशी लोकलच्या थांब्यांनी या कथेच्या भागाची लांबी ठरवली असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

याच गावाच्या आणि काशीमीरा-घोडबंदरच्या परिसरात मालिकांच्या चित्रीकरणाची संकुले आहेत. ज्या वाड्यात मालिकेतले कुटुंब राहते तो प्लायवूडचा वाडा वाचकाच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर उभा असतो. मालिका संपली की वाडा मोडला जातो. पात्रे मात्र अनुकथेत राहतात. मालिकेच्या लेखकाला वाहिनीचे आकडे ऐकावे लागतात आणि आकड्यांना तोंड नसते. अनुकथेच्या लेखिकेला वीस-पंचवीस माणसांचे बोलणे ऐकावे लागते, आणि त्यांतली प्रत्येक जण आपल्याला काय खटकले ते सांगू शकते.

ती काय सांगते हेही पाहण्यासारखे आहे. समजा एखाद्या भागात नायिका संध्याकाळच्या गर्दीत विरार लोकल पकडून सहज मीरा रोडला उतरली असे लिहिले, तर पहिला प्रतिसाद स्वभावरेखाटनावर येणार नाही. विरारच्या गाडीत मीरा रोडच्या प्रवाशाला कोण चढू देतो आणि चढलाच तर कोण उतरू देतो, असा तो असेल. त्याखाली चार जणी आपापली हकिगत सांगतील, आणि पुढच्या भागात नायिका भाईंदरची गाडी धरील. हसण्यासारखी गोष्ट वाटते, पण वास्तवाशी इमान राखण्याची ही जी सक्ती आहे ती पुष्कळ छापील कादंबऱ्यांना लाभलेली नाही. याहून महत्त्वाचे प्रतिसाद ज्यांत कथा निमित्तमात्र उरते असे आहेत. सासरच्या छळाचा प्रसंग आला की खाली कोणी लिहिते, माझ्या मावशीचे असेच झाले. पात्राला ओळखीचे दुःख झाले की वाचक आपले दुःख त्याच्याजवळ ठेवून जातो. साहित्याच्या समाजशास्त्राचा अभ्यासक ज्या सामग्रीसाठी प्रश्नावल्या छापून घरोघर हिंडतो, ती येथे न मागता लिहिली गेलेली असते.

जुलै २०२५ मध्ये मीरा रोडमध्ये दुकानात मराठी बोलण्याच्या प्रश्नावरून वाद पेटला. आधी व्यापाऱ्यांचा आणि नंतर मराठी संघटनांचा असे मोर्चे निघाले. गल्ल्यावरच्या माणसाने कोणत्या भाषेत बोलावे याची चर्चा महाराष्ट्रभर झाली. कोणी सक्ती न करता, कोणी मानधन न देता, त्याच गावात रात्री अकरानंतर मराठीत कोण लिहिते आणि कोण वाचते, हा प्रश्न त्या चर्चेत कोणाला सुचला नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांना तो सुचायला हवा होता.

अर्थात हुंकाराचे समर्थन करताना त्याच्या मर्यादेकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरांचा श्रोता विषयाकडे परत या असे म्हणू शकत होता. आजचा वाचक तसे म्हणायला कचरतो. इंग्रजी अनुकथेच्या वर्तुळात न मागितलेली दोषचिकित्सा हा असभ्यपणा मानावा, असे मत गेल्या काही वर्षांत बळावले आहे. युक्तिवाद असा, की ही भेट आहे. भेटीत खोट काढू नये. हा युक्तिवाद अर्धाच पटतो. त्याच वर्तुळात ‘बीटा’ नावाची संस्था आहे: कथा प्रसिद्ध होण्यापूर्वी ती वाचून तिची भाषा, संगती आणि पात्रांशी इमान तपासणारा विश्वासातला वाचक. म्हणजे चिकित्सा तेथे आहे, फक्त ती पडद्याआड आणि आधी होते. पडद्यापुढे आणि नंतर फक्त हुंकार. ही विभागणी शहाणपणाची आहे. मराठीत निम्मेच उचलले गेले. हुंकार आला, बीटा आला नाही. जुन्या स्थळांवर शुद्धलेखनाचे जाणकार निदान ऱ्हस्व-दीर्घावर तरी तुटून पडत, आणि ‘मनोगत’ने तर शुद्धिचिकित्सकाची सोयच केली होती. मूळ कवितेच्या पाठोपाठ तिचे विडंबन येत असे, आणि विडंबन ही मराठीतली सर्वांत चतुर समीक्षा आहे हे आचार्य अत्र्यांपासून आपल्याला माहीत आहे. मायबोलीच्या गणेशोत्सवात ‘एसटीवाय’ नावाने एकच कथा अनेकांनी पुढे नेण्याचा खेळ होई. त्यात आधीच्या माणसाने केलेला घोळ पुढच्याला निस्तरावा लागे, आणि तेही एक प्रकारचे वाचनच होते. पाच ताऱ्यांच्या पट्टीने या साऱ्याची जागा घेतली तेव्हा मोठे नुकसान झाले. तारा हुंकारही नव्हे आणि समीक्षाही नव्हे. तो निकाल आहे.

त्याहून चिंतेची बाब पैशाची आहे. व्यापारी कथास्थळांवर काही मालिकांचे पुढचे भाग नाणी मोजून उघडावे लागतात. लेखकाला मोबदला मिळतो हे चांगलेच आहे. फुकट लिहिण्याचा उपदेश पगारी प्राध्यापकांनी करू नये. परंतु ‘पुढचा भाग कधी?’ या प्रश्नाला किंमत लागली की त्या प्रश्नाचा स्वभाव बदलतो. पूर्वी तो लेखकाला जागे ठेवत होता. आता तो ग्राहकाची मागणी होतो, आणि मागणी टिकवायची तर प्रत्येक भाग टांगता ठेवावा लागतो, शेवट लांबवावा लागतो, नायकाला दोनदा स्मृतिभ्रंश घडवावा लागतो. मालिकेच्या ज्या दोषाला कंटाळून वाचक अनुकथेकडे वळला, तोच दोष मागच्या दाराने परत येतो. आजीने हुंकारामागे चार आणे घेतले असते तर तिची गोष्ट कधीच संपली नसती.

विभागांनी या सामग्रीकडे कथेइतकेच गांभीर्याने पाहावे असे म्हणताना एक अडचण तातडीची आहे. हे सगळे नाहीसे होते. लेखकाने कथा काढून टाकली की तिच्याखालचे सर्व प्रतिसादही तिच्याबरोबर जातात. २००२ मध्ये ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ने प्रौढांसाठीच्या वर्गातील कथा नियम बदलून काढून टाकल्या, २००९ मध्ये ‘जिओसिटीज’ बंद झाले आणि हजारो हौशी पाने गेली. ‘आर्काइव्ह’ने यावर एक माणुसकीचा उपाय काढला आहे. ज्या लेखकाला आपले नाव कथेवर नको झाले आहे त्याला कथा ‘अनाथ’ करता येते: नाव निघते, कथा राहते आणि वाचकांचे बोलणेही राहते. मराठी स्थळांवर अशी सोय व्हायला हवी, आणि तांत्रिकदृष्ट्या तीत फार अवघड असे काही नाही. एकनाथांच्या काळातल्या लेखकूने निदान परक्या ओव्या तरी आपल्यासाठी राखून ठेवल्या, म्हणून पाठचिकित्सा करता आली. कथेची अंतिम प्रत तेवढी जपून तिच्या घडणीत सामील झालेले बोलणे गमावले, तर विरार लोकल सोडून नायिकेने भाईंदरची गाडी का धरली हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार नाही.

मात्र जतन करणे म्हणजे उचलून आणणे नव्हे. या लेखिका बहुधा टोपणनावाने लिहितात आणि त्याला कारणे असतात. नवऱ्याला, कचेरीत, सोसायटीत ठाऊक नसते. मावशीची हकिगत सांगणाऱ्या वाचक स्त्रीने ती वीस ओळखीच्या टोपणनावांपुढे सांगितली आहे, प्रबंधाच्या परिशिष्टासाठी नव्हे. ती पाने उघडी आहेत एवढ्यावरून ती उद्धृत करण्याची परवानगी मिळत नाही. पीएच.डी.च्या नोंदणी-अर्जात प्राथमिक साधनांचा रकाना असतो. हस्तलिखितांसाठी मठाची किंवा ग्रंथालयाची परवानगी जोडावी लागते, आणि तशीच येथे लेखिकेची व प्रतिसाद देणारीची जोडावी लागेल. ती मागण्यासाठी संशोधकाला त्या स्थळावर खाते उघडून, कथा पहिल्या भागापासून वाचून, इतरांच्या खाली आपले दोन शब्द लिहावे लागतील आणि उत्तराची वाट पाहावी लागेल.